बंदी मुलांवर, पण मोबाईल कुणाच्या हातात?

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे मोबाईल, टीव्ही बंद राहू लागले. हेतू दोन्हीकडे चांगलाच. पण बान्सीने मुलांना रोखले, तर वडगावने मोठ्यांनाही सोबत घेतले.

बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांनी वडगावचा धडा घ्यायला हवा. कारण दीड वर्षाच्या लेकराकडे स्वतःचा मोबाईल नसतो. तो असतो आई-वडिलांच्या हातात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालील बाळांना स्क्रीन दाखवूच नये आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको. पण पालकांच्या स्क्रीनचे काय? १९७० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. आई बाळासमोरच बसली, मात्र चेहरा निर्विकार ठेवला. बाळ हसले, हात पुढे केले, आवाज काढले. प्रतिसाद मिळेना तेव्हा ते तोंड फिरवून रडू लागले. मोबाईलमध्ये मान घातलेला बाप बाळाला असाच दिसतो. मूल भाषा शिकते ते त्याच्या बोबड्या बोलाला कुणीतरी उत्तर देते म्हणून.

मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणते. म्हणजे बाबासाहेबांनी सांगितलेल्या शिक्षणाची पहिली पायरी शाळेत नाही, घरात आहे. शिकवणीला पैसे नसलेल्या घरातही आई-वडिलांचे बोलणे फुकट असते. तेच हिरावले, तर आपले लेकरू पहिलीच्या वर्गात मागूनच सुरुवात करेल.

मात्र दोष एकट्या आईच्या माथी मारू नये. दिवसभर मजुरी करून थकलेल्या घरात मोबाईल हाच स्वस्त विरंगुळा आहे. अंगणवाडी सेविकेलाही शासनाने पोषण ट्रॅकरच्या नोंदींत गुंतवले आहे. तिचा वेळ मुलांसाठी मोकळा करा, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते, कारण मद्याने प्रमाद घडतो. बेभान करणारा मोबाईलही प्रमादच आहे. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी आपण विहारात जमतोच. तरुणांनी तिथेच ठराव मांडावा: संध्याकाळी एक तास मोठ्यांचे मोबाईल बाजूला आणि लेकरू मांडीवर. सुरुवात कार्यकर्त्यांच्या घरापासून व्हावी.

जयभीम, नमो बुद्धाय!