डिफरन्शियलवरचा आरोप

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या वेगवान गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) आपल्याकडे तुरळक का होईना, दिसू लागले आहे. 2020 साली आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 245 मध्ये ते होते आणि 2025 मध्ये दाखल झालेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्येही आहे. अशी गाडी गॅरेजात आली, की यांत्रिक एलएसडीवर हात बसलेला जाणता मिस्त्री सवयीने ती जॅकवर चढवतो, एक चाक हाताने फिरवतो आणि दुसरे उलट दिशेने फिरताना पाहून ‘क्लच गेला’ असा हुकूम सोडून मोकळा होतो. वस्तुतः इग्निशन बंद असता या क्लचवर दाबच नसतो, आणि दाबाअभावी साध्या डिफरन्शियलप्रमाणे वागणे हाच त्याचा धर्म असल्यामुळे, या परीक्षेत नापास झालेले डिफरन्शियल बहुधा धडधाकट असते.

स्कॅनरवर भिस्त ठेवणाऱ्या तरुण मंडळींची गफलत निराळी. या रचनेत डिफरन्शियल व उजवा ॲक्सल यांच्यामध्ये बहुपट्टी क्लच असून, विजेच्या मोटरवर चालणारा पंप तेलाच्या दाबाने तो आवळतो व कमाल 1600 न्यूटन-मीटरपर्यंत बंधन घालतो. परंतु दाब मोजणारा सेन्सर तेथे नाही, मोटरच्या विद्युत्प्रवाहावरूनच नियंत्रक दाबाचे अनुमान करतो. परिणामी क्लचच्या झिजेची पूड साचून पंपाची जाळी तुंबली, तरी कोड उमटेलच असे नाही, आणि वळणावर आतले चाक मात्र खुशाल घसरत राहते. उलटपक्षी एबीएस सेन्सरची चिरलेली वायर, उतरलेली बॅटरी किंवा अलाइनमेंटनंतर कॅलिब्रेट न केलेला स्टीअरिंग कोन यांच्या अपराधाची फिर्यादही याच यंत्रणेच्या नावावर दाखल होते. टायरांचेही तेच: 225/40 आर 18 मापात एकीकडे 8 मिलिमीटर खाचेचा नवा आणि दुसरीकडे 3 मिलिमीटरवर आलेला जुना टायर असला, तर सरळ रस्त्यावरही चाकांच्या फेऱ्यांत सुमारे दीड टक्क्याची तफावत पडते.

तेव्हा टायर, बॅटरी, चारही चाकांच्या वेगाचे आकडे आणि स्टीअरिंगचा शून्यबिंदू यांची खातरजमा झाल्याखेरीज अख्खे युनिट उतरवण्याची तजवीज करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेल बदलताना पंप काढून जाळी धुवावी, क्लचसाठी विहित केलेलेच तेल भरावे (गिअर ऑइल तेथे कदापि चालत नाही) आणि जाळी धुण्याची मजुरी बिलात स्वतंत्र कलमाने मांडावी. गिऱ्हाईक कुरकुरेल, पण पुढल्या खेपेस गाडी ज्या कारागिराच्या हाती जाईल, त्याला काय झाले व काय राहिले हे त्या कागदावरून तरी उमगेल.