गाडी थांबली आहे, विकायची नाही

मोटारसायकल सोडणं आणि मोटारसायकल काही दिवस थांबवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला कोणीतरी एकदा ठणकावून सांगायला हवं. दाढ दुखते म्हणून चार दिवस भाकरी बंद केलेल्या माणसाला "आता जन्मभर पेजेवरच राहा" असं कोणी सांगत नाही. घसा बसलेल्या गवयाच्या घरी जाऊन कोणी त्याच्या तंबोऱ्याची किंमत विचारत नाही. पण साठीला टेकलेल्या माणसाच्या हाताला प्लास्टर बसू द्या आणि त्याच्या दारात एखादी फटफटी उभी असू द्या, भेटायला आलेला पहिला पाहुणा बूड टेकायच्या आत विचारतो, "मग? आता गाडीचं काय करणार?"

प्रस्तुत लेख या पाहुण्याच्या विरुद्ध आहे. त्याचीही बाजू मांडावी, असा एक निःपक्षपाती विचार मनात येऊन गेला, पण तो मी तत्काळ हाणून पाडला. आपली बाजू मांडायला पाहुणा स्वतः समर्थ आहे, आणि गेला दीड महिना तो रोज संध्याकाळी आमच्याच घरी, आमचाच चहा पीत, ती मांडतो आहे.

हकीकत अशी. गेली अडतीस वर्षं मी पुण्यात दुचाकी चालवतो आहे. आधी येझदी, जिची किक आणि गिअर एकाच दांडीवर चालायचे. नंतर १९९० सालची बुलेट, जिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी आहे, आणि जिला सुरू करण्यापूर्वी अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून, मग शास्त्रोक्त किक मारावी लागते. या अडतीस वर्षांत लक्ष्मी रोडवरची दिवाळीची गर्दी, गणपतीचे मांडव, डावीकडचा दिवा लावून उजवीकडे वळणाऱ्या रिक्षा आणि कुठलाच दिवा न लावता वाटेल तिकडे वळणाऱ्या स्कूटरी, या सगळ्यांतून हे हातपाय शाबूत परत आले. पडलो तो आमच्या इमारतीच्या बाहेरच्या तीन पायऱ्यांवर. भर पावसाळ्यात, शेवाळावरून, सकाळी पावणेसातला. उजव्या हातातलं अर्धा लिटर दूध वाचलं, डावं मनगट वाचलं नाही. गाडी त्या वेळी दहा फुटांवर मेन स्टँडवर निमूट उभी होती. या प्रकरणात ती फार तर साक्षीदार ठरेल.

पण ऐकतो कोण?

"गाडीवरून पडलात म्हणे."

"नाही हो, पायरीवरून."

"तेच ते. या वयात गाडी म्हणजे..."

गाडी विकून टाका, असं आजपर्यंत मला अकरा जणांनी सांगितलं. पायरी घासून घ्या, असं एकानंही सांगितलेलं नाही. सगळे अकरा जण त्याच शेवाळावरून, कठड्याला धरून, जपून वर आले आणि वर येऊन मोटारसायकलच्या धोक्यांविषयी बोलले.

आता थोडं त्या हाडाविषयी. मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं. त्याचं नाव स्कॅफॉइड. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होडीसारखं. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि ही होडी फुटते. गंमत अशी, की या हाडाला रक्ताचा पुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकानं आत येतो आणि उलटा मागे जातो. ज्यांनी वरच्या मजल्यावर राहून टाकीच्या शेवटच्या नळाला येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. हाड जुळायला वेळ लागतो. डॉक्टरांनी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं आणि तीन महिने गाडी बंद म्हणून सांगितलं. डावा हात म्हणजे क्लच. घरापासून मंडईपर्यंत क्लच किती वेळा दाबावा लागतो हे मोजायचं आजवर कधी सुचलं नव्हतं. प्लास्टर पडल्यावर एका रात्री पडल्या पडल्या मनाशी मोजायला घेतलं. अलका टॉकीजच्या चौकात शंभराचा आकडा ओलांडला आणि झोप लागली.

तर तीन महिने. हा आकडा डॉक्टरांनी दिलेला आहे. पण आमच्या हितचिंतकांत दोन पक्ष पडले आहेत आणि दोघांनाही तो मान्य नाही.

पहिला पक्ष कायमबंदीवाल्यांचा. तीन महिने थांबताच आहात तर तीस वर्षं थांबा, असं त्यांचं साधारण गणित. त्यांतले एक काका सांगतात, की ही देवानं दिलेली सूचना आहे. माझं त्यांना नम्र उत्तर असं, की देवाला मोटारसायकलविषयी काही सांगायचं असतं तर त्यानं मला मोटारसायकलवर गाठलं असतं. पायरीवर गाठलं ते पायरीविषयी सांगण्यासाठी. आमचे चिरंजीव बंगळूरहून फोनवर म्हणाले, "बाबा, सध्या जुन्या बुलेटला फार चांगली किंमत येते." वाक्यात प्रेम होतं, काळजीही होती, फक्त गिऱ्हाईकही तयार होतं.

इथे मला थोडं गंभीर व्हायला हवं. मोटारसायकल धोक्याची नाही, असं मी म्हणत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना स्वतःच्या ब्रफ सुपीरियरवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याला पाहिलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, तो १९४१ साली प्रसिद्ध केला, आणि हेल्मेट डोक्यावर चढलं त्याच्या मुळाशी हा अभ्यास आहे. म्हणजे शहाण्या माणसानं त्या अपघातातून हेल्मेट काढलं. आमच्या पाहुण्याच्या हाती ती केस असती तर त्यानं लॉरेन्सच्या गाडीला गिऱ्हाईक पाहिलं असतं.

एक दिवस मलाही गाडी सोडावी लागेल. नजर मंदावेल, गुडघा किक मारू देणार नाही, बुलेट स्टँडवर चढवताना शेजारच्या मुलाला हाक मारावी लागेल. तो दिवस आला की मी सोडीन. पण तो निर्णय धडधाकट माणसानं, दोन्ही हात मोकळे असताना, स्वतःच्या अकलेनं घ्यायचा असतो. आपल्याकडे मात्र माणूस अंथरुणावर असताना त्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावायची, आणि तीही त्याच्या भल्यासाठी, अशी रीत आहे. प्रथम गाडी जाते. मग "बँकेत एकटे जाऊ नका" येतं. मग पासबुक 'सापडायला सोपं जावं' म्हणून मुलाच्या कपाटात जातं. मग एक दिवस माणूस पूर्ण बरा होतो आणि पाहतो तो काय, बरं होऊन जायला कुठलं ठिकाणच उरलेलं नाही. वाईट हेतू कोणाचाच नसतो. म्हणूनच भांडायला फार अवघड जातं.

दुसरा पक्ष हट्टवाल्यांचा. हे आमचे जुने फटफटीवाले मित्र. त्यांच्या मते प्लास्टर हे बायकी लाड आहेत. "अरे, पायाला बँडेज बांधून मी पानशेतपर्यंत राजदूत नेली होती!" असं एकजण सांगतो. राजदूत गेली असेल, पाय कसा परत आला ते तो सांगत नाही. दुसरा म्हणतो, "एका हातानं चालवतात की लोक." चालवतात खरं. पण शरीरानं असमर्थ असताना गाडी चालवणं हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८६ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते होडीसारखं हाड अर्धवट जुळलेलं असताना हलवलं तर कधी कधी जुळतच नाही. मग तीन महिन्यांचं खरोखर तीस वर्षांवर जातं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आठ दिवस आधी प्लास्टर कापून गाडीवर बसणारा शूर माणूस हा कायमबंदीवाल्यांचा छुपा हस्तक असतो. त्यांना हवं ते तो फुकटात करून देतो.

राहता राहिले सांत्वनवाले. "त्यात काय एवढं? चालत जा, व्यायाम होईल!" पुण्यात चालत जा, असं सांगणाऱ्यानं आधी पदपथ दाखवावा. जिथे दाखवता येतो तिथे त्यावर विजेचा डबा असतो, वडापावची गाडी असते, आणि सिग्नल लागला की मागून दुचाकीस्वार हॉर्न देत असतो. या दीड महिन्यात मी पायी, बसनं आणि मार्च २०२२ पासून धावू लागलेल्या मेट्रोनंही हिंडलो. बसच्या खिडकीतून लक्ष्मी रोडच्या जुन्या वाड्यांचे पहिल्या मजल्यावरचे लाकडी कठडे मला आयुष्यात प्रथमच दिसले. गाडीवर असताना मान वर करायची सोय नसते. तेव्हा थांबण्यात सगळंच नुकसान आहे, असं नाही. पण लाकडी कठडे दिसले म्हणून गाडी विकावी, हे मला पटत नाही.

सौ.च्या स्कूटरवर मागे बसायचाही योग आला. "अहो, पाय आत घ्या." "अहो, हलू नका." "अहो, मी पाहिलाय तो खड्डा." १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय टेकायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकावर आच्छादन असलंच पाहिजे. मागे बसणाऱ्यानं तोंड बंद ठेवावं, असं कुठल्याही नियमात नाही. तो नियम आमच्या घरचा आहे आणि त्याची अंमलबजावणी कडक आहे.

सांत्वनवाल्यांना मी एक गोष्ट सांगतो. १९५२ च्या जानेवारीत अर्नेस्टो गेव्हारा नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी आपल्या मित्राबरोबर अर्जेंटिनाहून एका जुन्या नॉर्टनवर निघाला. पुढे जग त्याला चे म्हणून ओळखू लागलं. गाडीचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलशाली. ही बलशाली चिलीपर्यंत कशीबशी पोचली आणि तिनं तिथेच राम म्हटला. पुढचा कितीतरी मोठा प्रवास दोघांनी मालट्रकवर, बोटींवर, पायी आणि अ‍ॅमेझॉनमध्ये तराफ्यावर केला. तरीही त्या रोजनिश्यांचं नाव 'मोटारसायकल डायरीज'च राहिलं, 'तराफा डायरीज' झालं नाही. गाडी खाली नसतानाही माणूस फटफटीवाला राहू शकतो, याला यापेक्षा मोठा पुरावा मला तरी नको.

तेव्हा ज्यांच्यावर माझ्यासारखा प्रसंग आला असेल त्यांनी दोन्ही पक्षांना चहा द्यावा आणि आपलं काम करावं. काम म्हणजे गाडीला नीट झोपवणं. टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत गंज धरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवा. गाडी मेन स्टँडवर उभी करा, म्हणजे टायरवर एकाच जागी भार येत नाही. शेजारचा तरुण "काका, मी दर रविवारी दोन मिनिटं चालू करून ठेवतो" म्हणाला तर त्याला प्रेमानं नको म्हणा. दोन मिनिटांत बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठतं. आमच्या बुलेटच्या बाबतीत ही अडचण आली नाही. तो तरुण काट्याशी आणि खटक्याशी वीस मिनिटं झगडला आणि शेवटी स्वतःच्या स्कूटरवरून निघून गेला.

परत बसण्याची घाईही नको. डॉक्टरांनी नव्या एक्स-रेवर मान डोलावली, ओला पंचा दोन्ही हातांनी कोरडा पिळता आला, आणि बंद गाडीचा क्लच पन्नास वेळा दाबून मनगटानं तक्रार केली नाही, की मग बसा. पहिल्याच दिवशी ताम्हिणी घाट काढू नका. रविवारी सकाळी, रस्ते जागे व्हायच्या आत, घराभोवती एक फेरी पुरे. सिंहगडाच्या पायथ्याची कांदाभजी कुठे जात नाहीत.

आणि तोवर चावी स्वतःजवळ ठेवा. खुंटीवर लावू नका, कपाटात नको, चिरंजीवांकडे तर नकोच नको. सदऱ्याच्या खिशात ठेवा. तीन महिने तिचा काही उपयोग नाही, खिसा मात्र जड होईल. होऊ द्या. तेवढं वजन एका हातानंही पेलतं.