बटण हवंच, पण बटणामागची ओळ तुम्हाला वाचता आली पाहिजे

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फोटो बदलणारी कमांड एका बटणामागे कशी बसवायची ते बघितलं. नेमकी कमांड तिथे स्क्रीनवर आहेच, ती इथे परत लिहीत नाही. इथे मला माझं मत सांगायचंय. व्हिडिओत त्याला वेळ पुरला नाही, आणि खरं सांगायचं तर धंद्याच्या दृष्टीने तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आधी एक हिशोब करू. येवल्याच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. घरून पैठण्या विकतात. एका साडीचे पाच फोटो: पूर्ण साडी, पदर, काठ, बुट्टी आणि ब्लाउज पीस. महिन्याला ४० साड्या म्हणजे २०० फोटो. प्रत्येक फोटो उघडायचा, लहान करायचा, जेपीजी करायचा, नाव देऊन सेव्ह करायचा. दीड मिनिट धरा. झाले ३०० मिनिटं, म्हणजे महिन्याला पाच तास आणि वर्षाला ६० तास! या ६० तासांचं बिल कुणी पाठवत नाही, म्हणून ते खर्चाच्या वहीत दिसत नाहीत. पण खर्च तो खर्चच.

यावर लोक तीन उपाय सांगतात.

पहिला: "फुकटची वेबसाइट आहे की, तिथे टाका." टाका, पण अजून बाजारात न आलेलं डिझाइन तुम्ही अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर चढवताय, हे लक्षात ठेवा. शिवाय नेट गेलं की काम थांबलं.

दुसरा: "मोठं सॉफ्टवेअर विकत घ्या." दोन कामांसाठी दोनशे सोयींचे पैसे कशाला भरायचे?

तिसरा: "कमांड लाइन शिका." हे आमच्यासारखे शिकवणारे सांगतात. मीही सांगायचो. त्या ताईंनी मला वर्गातच गप्प केलं. म्हणाल्या, "सर, मी शिकेन हो. पण दुपारी दुकान भाचा सांभाळतो. तो काळ्या खिडकीत एक अक्षर चुकला तर कोण निस्तरणार?"

बरोबर होतं त्यांचं. म्हणून माझं मत असं बनलंय: काम कमांडनेच करायचं, पण कमांड बटणामागे ठेवायची. आणि ती ओळ मालकाला वाचता आलीच पाहिजे. दोन्ही गोष्टी हव्यात, एकीने भागत नाही.

आता हे चालतं कसं ते साध्या भाषेत बघू. इमेजमॅजिक नावाचं एक साधन आहे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ मध्ये ड्यूपाँ कंपनीत असताना ते लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. धंद्यासाठी वापरलं तरी पैसे लागत नाहीत. हा मुद्दा लहान नाही बरं का. इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे, पण धंद्यासाठी त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. "फुकट" हा शब्द दिसला की "कुणासाठी फुकट?" हे विचारायची सवय लावा.

इमेजमॅजिकला आपण एक ओळ लिहून देतो: ही फाइल घे, असं कर, तिकडे ठेव. ही ओळ आपल्या ऐवजी दुसरं अ‍ॅपही देऊ शकतं. डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं मोफत अ‍ॅप आहे. त्याच्या बॅच क्यू मॅनेजरमध्ये कस्टम स्क्रिप्टची सोय आहे. तिथे ओळ एकदा लिहून ठेवायची. फाइलींची नावं अ‍ॅप स्वतः भरतं. त्याहून सोपं हवं असेल तर विंडोजमध्ये बॅच फाइल बनवून "सेंड टू"च्या फोल्डरमध्ये टाका. मग फोटो निवडा, राइट क्लिक करा, सेंड टू. भाच्याला तेवढंच माहीत असलं तरी पुरे.

मग मालकाने ओळ वाचायची कशाला? माझीच चूक सांगतो.

पहिल्यांदा मी असं बटण केलं तेव्हा घाईत इमेजमॅजिकचं मोग्रिफाय वापरलं. ते मूळ फाइलवरच लिहितं. त्याच्या माहितीत हे स्पष्ट दिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. एका क्लिकमध्ये १४० फोटो ६०० पिक्सेलचे झाले. मोबाइलवर छान दिसत होते, मीही खूश! दोन महिन्यांनी कॅटलॉग छापायला गेलो. छापखान्यात ३०० डीपीआय मागतात. ६०० पिक्सेल म्हणजे कागदावर फक्त दोन इंच. मूळ फोटो कुठेच नव्हते. माल विकला गेला होता, त्यामुळे परत काढायलाही काही उरलं नव्हतं. बटणाने सांगितलं तेच केलं होतं. काय सांगितलंय ते मी बघितलं नव्हतं.

म्हणून बटण बनवण्याआधी ओळीतल्या या पाच जागा स्वतः वाचा.

एक, निकाल कुठे जातो? तो नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये गेला पाहिजे. मूळ फोटोला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

दोन, आकार. "१२०० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तरच लहान कर" हे सांगायला मापापुढे "पेक्षा मोठं" हे चिन्ह लागतं. पण काळ्या खिडकीत त्याच चिन्हाचा अर्थ "निकाल फाइलमध्ये लिही" असाही होतो. म्हणून ते माप अवतरणचिन्हांत घाला.

तीन, फोटोतली लपलेली माहिती. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते फाइलमध्ये नोंदलं जातं. घरून धंदा करणाऱ्या ताईंच्या बाबतीत तो त्यांच्या घराचा पत्ताच झाला. स्ट्रिप हा पर्याय ही माहिती काढून टाकतो. पण थांबा! त्याबरोबर रंगाचं प्रोफाइलही निघून जातं. आयफोनचे फोटो बऱ्याचदा वेगळ्या, जास्त विस्तृत रंगपट्ट्यात असतात. प्रोफाइल गेलं की रंग फिके दिसतात. फोटोत एक रंग आणि हातात दुसरा, अशी साडी परत येते आणि कुरिअरचा खर्च तुमच्या अंगावर पडतो. म्हणून क्रम पाळा: आधी फोटो एसआरजीबी प्रोफाइलमध्ये बदला, मग माहिती काढा.

चार, फोटोची दिशा. फोन उभा धरून काढलेला फोटो आडवा दिसू नये म्हणून ऑटो-ओरिएंट हा पर्याय स्ट्रिपच्या आधी लावा. फोन कसा धरला होता ही नोंदही त्याच लपलेल्या माहितीत असते.

पाच, साधनाचा पूर्ण पत्ता. इमेजमॅजिकची जुनी कमांड होती कन्व्हर्ट. विंडोजमध्ये याच नावाचं स्वतःचं एक साधन आहे आणि ते डिस्कची रचना बदलण्यासाठी आहे! नव्या, म्हणजे सातव्या आवृत्तीत कमांडचं नाव मॅजिक आहे. तेच वापरा, आणि प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण पत्ता अ‍ॅपला द्या.

फोल्डरच्या नावाचंही बघा. "दिवाळी नवा माल" असं नाव दिलं तर मधल्या मोकळ्या जागांमुळे कमांडला ते तीन वेगळे शब्द वाटतात. फाइलचं नाव अवतरणचिन्हांत दिलं की प्रश्न सुटतो. देवनागरी नावांवर जुन्या पद्धतीच्या बॅच फाइली अडखळू शकतात, म्हणून कामाच्या फोल्डरला साधं इंग्रजी नाव द्या.

आता तुम्ही म्हणाल, "सर, एवढं कशाला? तयार अ‍ॅप्स आहेत की." आहेत ना. कन्व्हर्सीन घ्या. मोफत आहे, खिडकीत सगळं दिसतं आणि आत इमेजमॅजिकच काम करतं. तुमचं काम तेवढ्यात भागत असेल तर खुशाल वापरा. महिन्याला दहाच फोटो असतील तर तेही नको, हातानेच करा. पण रोजचं काम असेल आणि ते दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचं असेल, तर लिहून ठेवलेल्या ओळीचा एक फायदा खिडकीला नाही. खिडकीत कुणीतरी आकडा बदलतो आणि आठ दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. ओळ कागदावर लिहून भिंतीला लावता येते. नवा कॉम्प्युटर घेतला तरी तीच ओळ, आणि निकालही तोच.

चाचणीही धंद्यासारखी करा. पहिल्या दिवशी पाचच फोटो घ्या, तेही मूळ फोटोंची प्रत काढून. त्यात एक आडवा, एक उभा, एक आयफोनचा आणि एक मोकळी जागा असलेल्या नावाचा हवाच. निकाल मोबाइलवर बघा, खरी साडी शेजारी ठेवून रंग जुळवा. मग फाइली मोजा: पाच आत गेल्या, पाच बाहेर आल्या का? काम फसलं की साधन शून्याऐवजी दुसरा आकडा परत देतं, पण बॅच फाइलची खिडकी झटकन बंद झाली तर तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून शेवटी "पॉज" लिहा आणि संदेश वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका.

त्या ताईंचं बटण आता भाचा दाबतो. पण ओळ ताईंनी स्वतःच्या वहीत लिहून घेतलीय, प्रत्येक शब्दाखाली मराठीत अर्थ लिहून. मला विचाराल तर त्या वहीमुळे त्या मालक आहेत. काम दुसऱ्यावर सोपवा, मशीनवरही सोपवा. पण काय सोपवलंय ते माहीत असू द्या.

या रविवारी एक तास काढा, पाच फोटो घ्या आणि करून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!