अँटिव्हायरसला ९९ टक्के गुण, म्हणजे कॉम्प्युटर तेवढा सुरक्षित?

अँटिव्हायरसच्या जाहिरातीत '९९ टक्क्यांहून अधिक संरक्षण' असा दावा हमखास दिसतो. हा आकडा बहुतेकदा खोटा नसतो. पण आपण समजतो तेवढं तो सांगतही नाही.

हे गुण कोण देतं?

जर्मनीची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि ब्रिटनची एसई लॅब्ज या यातल्या प्रमुख संस्था. पूर्वी साठवलेल्या व्हायरस फाइल्स स्कॅन करायला देऊन गुण ठरायचे. आता इंटरनेटवर सक्रिय असलेल्या घातक लिंक उघडून सॉफ्टवेअर हल्ला अडवतं का, हेही पाहिलं जातं. त्यामुळे चाचण्या प्रत्यक्ष परिस्थितीच्या बऱ्याच जवळ आल्या आहेत.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण नमुन्यांच्या संख्येची. अशा चाचणीत बहुधा काहीशे हल्लेच तपासले जातात. समजा, ४०० हल्ल्यांपैकी एक सुटला तर गुण ९९.७५ टक्के, दोन सुटले तर ९९.५. म्हणजे क्रमवारीतला फरक एखाद्याच हल्ल्याचा असू शकतो.

दुसरी, चाचणीला पाठवलेलं आणि ग्राहकाला मिळणारं सॉफ्टवेअर सारखंच असेल असं नाही. चीनच्या चिहू ३६० कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत बिटडिफेंडरचं इंजिन सुरू होतं. ग्राहकांच्या आवृत्तीत ते आपोआप सुरू नसायचं. २०१५ मध्ये हे उघड झाल्यावर एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि व्हायरस बुलेटिन यांनी कंपनीची त्या वर्षीची प्रमाणपत्रं रद्द केली.

तिसरी अडचण सर्वात मोठी. चाचणी सॉफ्टवेअरची होते, वापरणाऱ्याची नाही. 'डिजिटल अरेस्ट'सारख्या फसवणुकीत धाक दाखवून पैसे उकळले जातात. तिथे पकडायला व्हायरसच नसतो.

आकडा वाचायचा कसा?

एका महिन्याचा पहिला क्रमांक पाहू नका, वर्षभराचं सातत्य पाहा. निर्धोक फाइल्सनाही सॉफ्टवेअर किती वेळा धोकादायक ठरवतं, हे तपासा. सरसकट सगळं अडवलं तर १०० टक्के गुण मिळतील, पण काम करता येणार नाही. पैसे भरण्याआधी विंडोजसोबत मोफत मिळणाऱ्या डिफेंडरचे गुणही पाहा. अलीकडे एव्ही-टेस्टमध्ये त्याला संरक्षणासाठी ६ पैकी ६ गुण अनेकदा मिळाले आहेत.

आणि अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातले कॉम्प्युटर ठप्प केले. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती.