गेंड्या भुंगा माडाच्या शेंड्यात, उपाय मात्र शेणखताच्या खड्ड्यात! बुरशी नेमकं काय करते?

माडाची नवी झावळी त्रिकोणी कातरलेली दिसली, की समजायचं गेंड्या भुंगा आलाय. फवारणीचा फारसा उपयोग नाही, कारण तो कोंबात खोल शिरून बसतो. शिवाय माडावर चढणार कोण? कोकणात पाडेली मिळणंच मुश्कील.

म्हणून त्याला गाठायचं जमिनीवर. माड पोखरतो तो प्रौढ भुंगा. त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात किंवा कुजलेल्या खोडात ३ ते ६ महिने वाढते. कासरगोडची केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था याच खतात 'मेटारायझियम' बुरशी मिसळायची शिफारस करते. बुरशीचे बीजाणू अळीला चिकटतात, कातडी भेदून आत वाढतात. अळी मरून कडक होते, अंगावर हिरवा थर येतो. त्यातले बीजाणू पुढच्या अळ्यांना लागतात. रासायनिक औषधाला हे जमत नाही.

पण हा झटपट इलाज नव्हे. बुरशीला ओलावा लागतो, कडक उन्हात ती टिकत नाही. त्यामुळे खड्डा ओलसर आणि सावलीत हवा. खरी अडचण वेगळीच आहे: एकट्याने खड्डा सुधारून भागत नाही. शेजारचा उकिरडा तसाच राहिला, तर भुंगे तिथून उडत येतात.