कथा आपल्या, पण खेळ कुणाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. शेगावहून निघालेला रस्ता पूर्णा ओलांडून या गावात येतो. उत्तरेला अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, दक्षिणेला पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. येथील शेतकऱ्याला प्राणी ही चित्रात पाहण्याची वस्तू नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो आणि रोह्यांच्या भीतीने माणसे थंडीच्या कडाक्यात जागलीला जातात. याच परिसरातील शाळकरी मुलाच्या हाती आता मोबाईल आला आहे. त्या मोबाईलमध्ये त्याला निराळेच प्राणी भेटतात. ते बोलतात, विनोद करतात, रुसतात, लढतात. त्यांचा जन्म जपानमध्ये, अमेरिकेत किंवा चीनमध्ये झालेला असतो. सातपुड्याच्या किंवा गोदाकाठच्या कथेतून आलेला प्राणी त्यांत क्वचितच सापडतो.

व्हिडिओ गेम हा शब्द निघताच मध्यमवर्गीय घरात कपाळाला आठ्या पडतात. ही आठी सर्वस्वी अनाठायी नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी कित्येक घरांची राखरांगोळी केली. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. मात्र त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि निखळ मनोरंजनाच्या वा शिक्षणाच्या खेळांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली, हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही. जुगार आणि कथा यांतील भेद कायद्याने केला. तो भेद आता पालकांनी आणि समाजधुरीणांनीही करायला हवा.

एका खेळाभोवती दहा वर्षांची चर्चा

कथा सांगणाऱ्या खेळाचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १५ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत ‘अंडरटेल’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. टोबी फॉक्स या विशीतील तरुणाने तो बहुतांशी एकट्याने तयार केला. त्याच्या पाठीशी कोणतीही बलाढ्य कंपनी नव्हती. २०१३ मध्ये त्याने लोकांकडे पाच हजार डॉलर मागितले होते. लोकांनी एक्कावन्न हजारांहून अधिक दिले. चित्रे साधी, जुन्या काळच्या खेळांसारखी ठोकळेबाज. तरीही या खेळाचे चाहते दहा वर्षांनंतरही त्यावर तासन्तास चर्चा करतात, त्यातील पात्रांची चित्रे काढतात, त्याचे संगीत वाजवतात.

ते बोलतात तरी कशाविषयी? खेळाची कथा अशी आहे. एक मूल डोंगरातील विवरातून पाताळात पडते. तेथे माणसांनी कोंडून ठेवलेले विचित्र जीव राहतात. बोकडासारखा राजा, शेळीच्या तोंडवळ्याची मायाळू माता, माशासारखी योद्धी, सरड्यासारखी दिसणारी शास्त्रज्ञ. त्यांतील अनेक जण मुलावर चालून येतात. अशा वेळी शस्त्र उचलायचे की समोरच्याशी बोलून, त्याचे दुःख ओळखून त्याला शांत करायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. एकाही जीवाची हत्या न करता हा खेळ शेवटापर्यंत नेता येतो. सर्वांना ठार मारूनही तो संपवता येतो. मात्र खेळ हे विसरत नाही. त्या मातेला मारून पश्चात्ताप झालेला मुलगा खेळ मागे नेतो आणि दुसऱ्या वेळी तिला वाचवतो, तेव्हा खेळातील एक पात्र त्याला पहिल्या कृत्याची आठवण करून देते. ज्याने सर्वांचा संहार करून खेळ पूर्ण केला, त्याने पुढे कितीही सौजन्याने तो पुन्हा खेळला तरी त्याच्या सुखान्तावर जुन्या पापाची छाया पडते.

केलेले कर्म पुसता येत नाही, ते भोगावेच लागते, हा सिद्धान्त या देशातील लहान मुलालाही नवा नाही. मग अमेरिकेतील, युरोपातील आणि पुण्या-मुंबईतील तरुण ज्या प्रश्नांवर रात्र जागवतात, ते प्रश्न कोणते? शत्रूला मारणे अपरिहार्य होते का? दयेला मर्यादा असावी का? कुणी पाहत नसताना केलेल्या कृत्याचे उत्तरदायित्व कुणाचे? ही धर्मचर्चा आहे. त्या तरुणांना हा शब्द ठाऊक नसेल, पण भूक तीच आहे. ‘मुले वाया गेली’ असा शेरा मारण्यापूर्वी त्यांच्या बोलण्याचा विषय काय आहे, हे वडीलधाऱ्यांनी एकदा तरी ऐकून घ्यायला हवे.

शेगाव किती दूर?

वरवट बकालच्या माणसाला अशा कथेसाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. पूर्णा ओलांडली की शेगाव. दासगणू महाराजांनी रचलेल्या २१ अध्यायांच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचे पारायण या भागात घरोघर होते. त्यात कीर्तनकार गोविंदबुवा टाकळीकर यांच्या द्वाड घोड्याची कथा आहे. जवळ येईल त्याला लाथा झाडणाऱ्या, चावे घेणाऱ्या त्या घोड्याच्या चार पायांमध्ये महाराज रात्री जाऊन निजले आणि घोडा शांत झाला. बाळापूरच्या सुकलालच्या मारक्या गाईची कथाही अशीच. तिला साखळदंडांनी बांधून शेगावी आणले. महाराजांनी ते बंध सोडवले आणि गाय गरीब झाली. बळाने जे साधले नाही, ते निर्भय करुणेने साधले. ‘अंडरटेल’च्या चाहत्यांना ज्या कल्पनेने भारावून टाकले, ती कल्पना शेगावच्या पंचक्रोशीत पिढ्यान्पिढ्या श्रद्धेने ऐकली जाते.

प्राण्यांच्या तोंडून नीती सांगण्याची कला तर या भूमीने जगाला दिली. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी पंचतंत्र सांगितले, अशी परंपरा आहे. सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या वैद्याने ते इराणच्या नौशेरवान राजासाठी पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्याचा अरबी अवतार सिद्ध केला. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे तेथे कलीला आणि दिम्ना झाले आणि पुढे हिब्रू व लॅटिनच्या वाटेने युरोपात पोचले. छापखाना नव्हता, तारायंत्र नव्हते, तरी कथा चालत गेली. कारण ती त्या त्या काळाच्या सर्वांत प्रभावी साधनातून सांगितली गेली.

अभिमान पुरेसा आहे का?

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणे सोपे आहे, आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. पण होते, तर आज त्या मुलाच्या मोबाईलमध्ये ते का नाही?

चीनचे उदाहरण या संदर्भात झोंबणारे आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ हा चिनी खेळ प्रसिद्ध झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याला आधार आहे ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीचा. त्या यात्रेतील पश्चिम म्हणजे भारत. सातव्या शतकात बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आलेला आणि पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग हा त्या कथेच्या केंद्रस्थानी आहे. त्याचा रक्षणकर्ता आहे वुकाँग नावाचा पराक्रमी वानर. या वानराचे मूळ आपल्या हनुमंतात असावे, असे मत चिनी पंडित हू श्र यांनी गेल्या शतकात मांडले होते. लू शुन यांच्यासारख्या थोर लेखकाला ते मान्य नव्हते. वाद मिटलेला नाही. परंतु एक गोष्ट वादातीत आहे. चीनने आपल्या वानराला आजच्या साधनातून जगापुढे उभे केले.

आपल्याकडे काय चित्र आहे? वरवट बकालपासून फार दूर नसलेल्या नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ती उभी आहे. येणारा-जाणारा प्रवासी हात जोडतो. ही श्रद्धा समाजाचे बळ आहे. पण त्या मूर्तीपुढे हात जोडून गाडीत बसलेला मुलगा पुन्हा मोबाईल उघडतो, तेव्हा त्याच्या बोटांखाली उड्या मारणारा वानर चीनचा असतो. एवढी उंच मूर्ती उभारणाऱ्या समाजाला एक चांगला खेळ उभारणे अशक्य का असावे?

पुण्यातील एक प्रयत्न

ते अशक्य नाही, हे पुण्याने दाखवून दिले आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातील छोट्या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये जगापुढे आणला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून तिची कथा उलगडते. राजस्थानी वास्तुकलेचा ठसा त्यातील महालांवर आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक सोहळ्यात पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. त्याच ऑगस्टच्या ३० तारखेला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून भारतीय कथांवर आधारित खेळ तयार करण्याचे आवाहन केले होते.

पण या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. या संस्थेने २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न केला होता आणि तो अयशस्वी ठरला. पुढे एका अमेरिकी कंपनीचे अनुदान उपयोगी पडले. एका अमेरिकी तरुणाच्या शेळीमुखी मातेसाठी लोकांनी मागितल्याच्या दसपट पैसे दिले आणि दुर्गेच्या कथेसाठी झोळी रिकामी राहिली. ‘अंडरटेल’चे चाहते निव्वळ गप्पा मारत बसले नाहीत. खेळ तयार होण्यापूर्वीच त्यांनी त्याला आश्रय दिला. आपल्या संतवाङ्मयाला, कीर्तनाला, तमाशाला आणि नाटकालाही राजाश्रयापेक्षा लोकाश्रयानेच जगवले. नव्या माध्यमाच्या बाबतीत तो लोकाश्रय कुठे हरवला?

त्याचे एक कारण आपल्याच मनोवृत्तीत आहे. चित्रे काढणाऱ्या, गोष्टी रचणाऱ्या मुलाला ‘पोटापाण्याचे बघ’ असे ऐकवले जाते. संगणक शिकणाऱ्याने परदेशी कंपनीत नोकरी धरली की घराण्याचे सार्थक होते. त्याने खेळ तयार करायचे ठरवले तर मात्र नातेवाईक हळहळतात. आपल्या कथांवर खेळ हवेत, पण ते दुसऱ्याच्या मुलाने करावेत, अशी ही भूमिका आहे.

खेळातून संस्कार

खेळाचे सामर्थ्य ज्यांनी सर्वाधिक ओळखले, त्यांच्याकडून या बाबतीत अधिक अपेक्षा आहे. १९२५ मध्ये विजयादशमीला नागपुरात सुरू झालेल्या कार्याने शतक पूर्ण केले, त्याचा पाया संध्याकाळच्या मैदानावरील खेळ हाच होता. व्याख्यानाने जे साधत नाही ते सोबत्यांबरोबर तासभर खेळल्याने साधते, हे डॉ. हेडगेवार यांनी जाणले होते. मैदानाला पर्याय नाही आणि असूही नये. घाम गाळून, गुडघे फोडून घेऊन जे शिकता येते, ते पडद्यावर शिकता येत नाही. परंतु मैदानावरून घरी गेल्यावर उरलेल्या वेळात मुलाचे मन कोणत्या कथेत रमते, हा प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही. मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. कुणीतरी ती भरतेच.

मग करायचे काय? मोठ्या घोषणांची वाट पाहण्याची गरज नाही. गावच्या वाचनालयात मुलांना पंचतंत्र, हितोपदेश आणि जातककथा वाचून दाखवता येतील. वऱ्हाडी बोलीत आजी-आजोबा कोल्ह्याच्या, वाघाच्या, रोह्याच्या ज्या गोष्टी सांगतात, त्या शाळकरी मुलांकडून लिहून घेता येतील. ज्या मुलाचा हात चित्रात चालतो, त्याला त्या गोष्टींची पात्रे रंगवू द्यावीत. तालुक्यातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुणाने सुटीत त्यातील एका गोष्टीचा छोटासा खेळ करावा. ‘अंडरटेल’ची चित्रे किती साधी होती, हे येथे आठवावे. आणि असा खेळ तयार झालाच, तर दहा-वीस रुपये मोजून तो विकत घेण्याची दानत पालकांनी दाखवावी. फुकट मिळेल तेच घेणाऱ्या समाजाला दुसरे फुकट देतात, आणि त्या फुकटाबरोबर आपली स्वप्नेही देतात.

विष्णुशर्म्याने राजपुत्रांना त्यांच्या आवडीनिवडीबद्दल बोल लावले नाहीत. त्यांना ज्यात गोडी वाटेल असे साधन शोधले आणि त्यातून जे सांगायचे ते सांगितले. आजचा राजपुत्र वरवट बकालच्या बस थांब्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसला आहे. त्याला गोष्ट हवी आहे. ती कुणी सांगायची, एवढेच ठरायचे आहे.