भाड्याचा संगणक आणि पर्लकोटेचा पूर

टीव्हीला कळफलक जोडा की संगणक तयार! अशा जाहिराती हल्ली आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतही मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींतून येऊन धडकतात. जुलै २०२५ मध्ये जिओने ‘जिओपीसी’ आणला. यात संगणक घरात नसतोच. तो दूर कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, घरी येते ते पडद्यावरचे चित्र. सुरुवातीचा दर महिन्याला ५९९ रुपये, वर कर. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला, जुनी यंत्रे अडगळीच्या वाटेला लागली. अशा वेळी कल्पना मुळीच वाईट नाही.

मला खटकते ते वेगळेच. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत निदान बारीक टाइपात अटी असत. कात्रण जपता येई, दुकानदारापुढे धरता येई. चित्रफीत बोटाने सरकवली की गेली! तिच्यातले परीक्षक बोलतात तेही शहरातल्या फायबर जोडणीवर बसून. इकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. नेटही गेले तर मुलाने फाइल उघडायची कशी? घरातला जुनापुराणा संगणक निदान अर्ज टाइप करून ठेवू देतो. शिवाय तेंदूपत्त्याचा पैसा हाती येतो उन्हाळ्यात, आणि भाडे मात्र दरमहा.

विक्रेत्यांनी एक चित्रफीत भामरागडात काढावी, तीही भर जुलैत. आणि भाडे थकले तर साठवलेल्या फायलींचे काय होते, तेवढे मोठ्या अक्षरांत लिहावे.